शब्दांचे सख्खे-चुलत : ‘डाइड’ म्हणायला का कचरायचे?

मागच्या आठवड्यात ‘हाउस’ आणि ‘होम’ यांच्यातला फरक पाहिला. आज विषय जड आहे, पण टाळता येणारा नाही. जवळचे माणूस गेल्याची बातमी इंग्रजीत द्यायची झाली की आपली लेखणी अडते आणि नेमका तिथेच चुकीचा शब्द उमटतो. ‘माय ग्रँडफादर एक्स्पायर्ड’ हे वाक्य आपल्याकडे रजेच्या अर्जापासून बँकेला लिहिलेल्या पत्रापर्यंत सगळीकडे आढळते. मराठीत बोलतानाही ‘त्यांचे वडील एक्स्पायर झाले’ असे आपण सहज म्हणून जातो.

इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाच्या कानाला हे वाक्य खटकते. त्याच्या रोजच्या बोलण्यात एक्स्पायर होतो तो पासपोर्ट, गाडीचा परवाना, औषध, फ्रीजमधले दूध. शब्द मुळात वाईट नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ श्वास बाहेर टाकणे, आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकात तो आजही त्या अर्थाने येतो. आपण ‘प्राण सोडला’ म्हणतो, त्याच्या अगदी जवळचा. जुन्या इंग्रजी लेखनात माणसेही एक्स्पायर होत. रुग्णालयांच्या नोंदींत आणि डॉक्टरांच्या आपसातल्या बोलण्यात अजूनही होतात. पण घरच्या माणसाने घरच्या माणसाबद्दल तो शब्द वापरला, की मुदत संपल्याचा अर्थ आधी ऐकू येतो.

मग साधा, सरळ ‘डाइड’ शब्द समोर असताना आपण तो का टाळतो? माझ्या मते याचे मूळ मराठीच्या संस्कारात आहे. मराठीत माणसाच्या बाबतीत ‘मरणे’ हे क्रियापद आपण फार जपून वापरतो. कुत्रे मरते, झाड मरते. आजोबा मरत नाहीत. आजोबा जातात, वारतात, निवर्ततात, त्यांना देवाज्ञा होते. ‘मेला’ ही तर शिवीच. वरच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत : ज्ञानेश्वर समाधी घेतात, तुकाराम वैकुंठाला जातात, लढवय्या धारातीर्थी पडतो, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होते. कोण गेले आणि सांगणाऱ्याच्या मनात त्यांची जागा कोणती, हे मराठीत क्रियापदावरूनच कळते. हीच सवय घेऊन आपण इंग्रजीत जातो. ‘डाय’ म्हणजे ‘मरणे’ असे शाळेत पाठ केलेले असते, म्हणून ‘माय फादर डाइड’ लिहिताना ‘बाप मेला’ लिहिल्यासारखे वाटते.

इंग्रजीत तसे नाही. ‘डाय’ला ना आदर चिकटलेला आहे, ना अनादर. 8 सप्टेंबर 2022 रोजी एलिझाबेथ राणीच्या निधनाचे निवेदन बकिंगहॅम राजवाड्याने काढले, त्यातही क्रियापद ‘डाइड’ हेच होते. सत्तर वर्षे राज्य केलेल्या राणीसाठी जो शब्द चालतो, तो आपल्या आजोबांसाठी बेअदबीचा कसा ठरेल? आदर दाखवायची इंग्रजीची सोय क्रियापदात नसून वाक्यात इतरत्र असते : ‘पीसफुली’सारख्या एखाद्या क्रियाविशेषणात, माणसाच्या नावामागे येणाऱ्या ‘लेट’मध्ये, पत्राच्या एकूण सुरात.

या ‘डाय’चा इतिहासही मोठा गमतीचा आहे. इतका घरगुती वाटणारा हा शब्द बहुधा उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या बोलीतून इंग्रजीत आला. जुन्या इंग्रजीत मरण्यासाठी वेगळे क्रियापद होते, त्याचेच आजचे रूप ‘स्टार्व्ह’. जर्मन भाषेत त्याचे भावंड ‘श्टेर्बेन’ आजही मरणे याच अर्थाने नांदते. इंग्रजीत मात्र नव्या शब्दाने जागा घेतली आणि जुना आकसत आकसत उपासमारीपुरता उरला. दोन शब्द एकाच अर्थावर फार काळ टिकत नाहीत. एकाला सरकून दुसरीकडे बसावे लागते.

‘डिमाइझ’चे याहून नवल. आपल्याकडे शोकसभेच्या ठरावात ‘सॅड डिमाइझ’ हमखास येते, कारण तो शब्द भारदस्त वाटतो. तो मूळचा कायद्याचा, आणि त्याचा पहिला अर्थ हस्तांतर : मिळकत भाडेपट्ट्याने किंवा मृत्युपत्राने दुसऱ्याकडे देणे. आपल्याकडच्या इंग्रजी भाडेपट्ट्यांतही ‘डिमाइझ्ड प्रिमायसेस’ म्हणजे पट्ट्याने दिलेली जागा. मग तो राजमुकुटाच्या हस्तांतराला लागला, आणि राजा गेल्यावरच मुकुट पुढच्याकडे जात असल्याने हळूहळू त्याचा अर्थ मृत्यू असा झाला. पण कायदा मूळ अर्थ विसरलेला नाही. 1936 च्या डिसेंबरात आठव्या एडवर्डने राज्यत्याग केला. तेव्हा पार्लमेंटने केलेल्या कायद्यात राजमुकुटाचे ‘डिमाइझ’ होईल असे स्पष्ट लिहिले आहे. राजा धडधाकट होता. तो पुढे 1972 पर्यंत जगला. आजच्या इंग्रजीत हा शब्द शोभतो तो संस्था, प्रथा, उद्योग यांच्या अखेरीला. एखाद्या गिरणीचे, वृत्तपत्राचे, राजवटीचे डिमाइझ होते. माणसासाठी तो चूक नाही, पण सांत्वनाच्या पत्रात थंड वाटतो.

‘डिसीज्ड’ची जागा सरकारी कागदात. सातबाऱ्याच्या वारस नोंदीत आपण ‘मयत’ लिहितो, अगदी तोच हा शब्द : विम्याचा दावा, वारसा दाखला, पोलिस पंचनामा. कोणी आपल्या आईला बोलताना ‘मयत’ म्हणत नाही, तसेच ‘डिसीज्ड’ही म्हणत नाही. लिहिताना स्पेलिंग मात्र नीट पाहा. दोन अक्षरांच्या फरकाने तो ‘डिझीज्ड’, म्हणजे रोगट, होतो, आणि संगणकाची चूक-तपासणी दोन्ही रूपे बरोबर मानते.

राहिला ‘पास अवे’. हा आपल्या ‘गेले’चा खरा जोडीदार : मऊ, बोलण्यातला, समोरच्याच्या दुःखाची जाण ठेवणारा. भेटीत, फोनवर, सांत्वनपर पत्रात तो अगदी योग्य. बातमीत किंवा चरित्रात मात्र ‘डाइड’च बरा. अपघात, पूर, युद्ध यांत माणसे गेली तर ‘वेअर किल्ड’ लिहितात. त्यात कोणी खून केल्याचा आरोप नसतो, आपल्या ‘ठार झाले’सारखेच ते आहे. ‘मर्डर’ आणि ‘असॅसिनेट’ यांचा प्रश्न वेगळा आहे. मराठीतल्या खून, हत्या आणि वध यांच्यातल्या भांडणाशी त्याचे नाते आहे, म्हणून त्याला पुढचा आठवडा राखून ठेवतो.

तोवर एवढे करा. घरात अशा प्रसंगासाठी इंग्रजी पत्राचा एखादा जुना मसुदा ठेवलेला असेल तर तो काढा. त्यातले ‘एक्स्पायर्ड’ खोडून नातेवाइकांच्या पत्रात ‘पास्ड अवे’ लिहा, बँकेच्या पत्रात ‘डाइड’ लिहा आणि पुढे तारीख घाला.