परसबागेतील चवीची पाने

आषाढ-श्रावणात संततधार लागली की नाशिक व पुणे परिसरातून शहरांकडे जाणारी कोथिंबिरीची आवक घटते आणि जुडीचा भाव एकाएकी चढतो. हिवाळ्यात हीच जुडी मातीमोल होते, आणि प्रसंगी शेतकऱ्याला ती बाजाराच्या आवारातच टाकून परतावे लागते. या चढउताराची चर्चा प्रतिवर्षी होते. परंतु स्वयंपाकाला जी पाने दररोज आणि मूठभरच लागतात, ती दारातच का पिकू नयेत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

शाळांच्या बाबतीत तो प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. केंद्र शासनाने २०१९ साली शाळांतील पोषण परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. त्यानंतर अनेक शाळांच्या आवारात वाफे आखले गेले. मात्र पुष्कळ ठिकाणी जून महिन्यात सर्व बियाणे एकाच दिवशी पेरले जाते, सर्व वाफ्यांना सारखेच पाणी मिळते, दिवाळीपर्यंत निम्मे वाफे मोकळे होतात आणि उरलेले उन्हाळी सुट्टीत वाळून जातात. यात उत्साहाची उणीव नसते. पुदिना आणि कढीपत्ता यांना एकाच मापाने वाढविण्याचा तो परिणाम असतो. या प्रत्येक पानाचा स्वभाव वेगळा, आणि त्याची चवही त्या स्वभावाशी जोडलेली.

स्वाद कोठे असतो?

पानाचा सुगंध म्हणजे त्यातील उडून जाणारे तेल. पुदिन्यात हे तेल पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत असते, म्हणून नुसता हात फिरविला तरी वास येतो. कढीपत्त्यात ते पानाच्या आत साठलेले असते. पान उजेडासमोर धरले तर बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, त्या तेलाच्याच ग्रंथी होत. लिंबाच्या पानातही असेच ठिपके आढळतात, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत. कढीपत्ता फोडणीत घालण्याची आपली रीत म्हणूनच सार्थ ठरते. पानातील तेल गरम तेलात उतरते आणि संपूर्ण पदार्थभर पसरते. कोथिंबिरीचे मात्र उलट आहे. तिचा वास उकळीबरोबर निघून जातो, यास्तव ती आमटी उतरविताना वरून घालावी लागते. वाळविलेल्या कोथिंबिरीत हिरवा रंग राहतो, पण चव राहत नाही. धन्यांचा वास तर पानांहून अगदीच निराळा, कारण फळातील तेल वेगळ्या घटकांचे असते.

शेपू आणि पुदिना यांची गोष्ट याहून मनोरंजक आहे. बाळंतशेपा आणि घरगुती पुदिना यांच्या वासात एकच द्रव्य आढळते, कार्व्होन हे त्याचे नाव. फरक एवढाच की उजवा हात आणि डावा हात जसे एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात, तशी या द्रव्याच्या कणांची दोन रूपे आहेत. आपले नाक हा भेद अचूक ओळखते. विज्ञानाच्या तासाला दोन्ही वास मुलांना देऊन पाहण्यासारखे आहेत.

कोथिंबिरीची कसोटी

सर्वांत जास्त निराशा कोथिंबीरच पदरात टाकते. अख्खा धना हे बी नसून फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. तो लाकडी फळीखाली हलकेच रगडून दुभंगावा आणि रात्रभर भिजवून पेरावा. मेथी तीन ते पाच दिवसांत वर येते, तर कोथिंबिरीस आठ ते बारा दिवस लागतात. या अवधीत वाफा कोरडा पडला की उगवण फसते, आणि दोष बियाण्याला दिला जातो. कोथिंबिरीचे मूळ सरळ खोल जात असल्यामुळे रोपे उपटून दुसरीकडे लावण्यात अर्थ नाही. पेरणी जागच्या जागीच करावी.

उष्णता वाढली आणि पाण्याचा ताण पडला की हे पीक घाईने फुलोऱ्यावर येते. पाने बारीक दोऱ्यांसारखी होतात व कोवळी चव जाते. पावसाळ्यात भीती सडण्याची, म्हणून तेव्हा गादीवाफा उंच घ्यावा व मुसळधारेत वर जाळी धरावी. एकदाच मोठा वाफा पेरण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी हातभर पट्टा पेरणे केव्हाही चांगले. पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत तो कापणीस येतो आणि तोवर मागचा पट्टा तयार होत असतो. एप्रिल-मे महिन्यांत उघड्यावर पेरणीचा आग्रह न धरणेच शहाणपणाचे.

मेथीला एवढे सोपस्कार लागत नाहीत. मुंबईच्या बाजारात येणारी इवलीशी समुद्रमेथी तर वाळूतच वाढते.

पाणी कोणाला, किती?

कोकणात मोरीच्या पाण्यावर अळू लावण्याची जुनी प्रथा आहे, आणि जलव्यवस्थापनाचा हा धडा कोणत्याही पुस्तकापूर्वीचा आहे. पुदिन्यालाही सतत ओल आणि अर्धी सावली हवी असते. सार्वजनिक नळकोंडाळ्याजवळ सांडणारे स्वच्छ पाणी त्याला पुरते. ग्रामपंचायतीने तेथे चिखल होऊ देण्याऐवजी चार फूट जागा आखून दिली, तर खर्च जवळजवळ शून्य. पुदिन्याचे खोड जमिनीलगत धावते व शेजारचे वाफे व्यापते, यास्तव बूड काढलेल्या जुन्या बादलीत तो लावावा. साबणाचे पाणी मात्र कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांना देऊ नये. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी खुशाल द्यावे.

गवती चहा आणि ओव्याचे पान यांचा मार्ग वेगळा. गवती चहाचा ठोंब बांधावर लावला की माती धरून ठेवतो. ओव्याचे पान म्हणजे भजीसाठी वापरतात ते मांसल, लवदार पान. त्याचा ओव्याच्या पिकाशी संबंध केवळ वासापुरता आहे. त्याची फांदी खोचली तरी जगते आणि अतिपाण्याने कुजते.

कढीपत्त्याला भरपूर ऊन हवे. त्याचे बी साठवणीत लवकर निर्जीव होते, म्हणून पिकलेल्या काळ्या फळाचा गर काढून ते ताजेच पेरावे, किंवा जुन्या झाडाच्या मुळातून फुटलेले रोप घ्यावे. पहिल्या वर्षी पाने ओरबाडू नयेत. लिंबाच्या कुळातील असल्यामुळे फुलपाखरांच्या अळ्या त्यावर येतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, पुढे हिरव्या होतात. औषध न फवारता त्या हाताने वेचाव्यात. वर्गात दाखविण्यासाठी दोन-चार ठेवल्या तरी झाड मरत नाही. बाजारातील कढीपत्त्यावरील कीटकनाशकांच्या अंशांमुळे युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या या पानांवर विशेष तपासणी लावली होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

या पानांकडून भलत्या अपेक्षा करू नयेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि चिमूटभर कोथिंबिरीने तो हटणार नाही. त्यांचे काम निराळे आहे. रोजच्या खिचडीला वा उसळीला चव आली की ताटात अन्न कमी उरते, आणि डाळ-कडधान्ये मुलांच्या पोटात जातात.

उरतो उन्हाळी सुट्टीचा प्रश्न. कढीपत्ता, गवती चहा व ओव्याचे पान एकदा रुजले, बुडाशी पाचोळ्याचे आच्छादन केले, की आठवड्यातून दोनदा दिलेल्या पाण्यावर तग धरतात. पुदिना नळाजवळ असला तर त्याची चिंता नाही. कोथिंबीर व मेथी यांचे वाफे मार्चअखेर मोकळे करून उन्हात तापू द्यावेत. दोनदा पाणी घालण्याची जबाबदारी शाळेजवळच्या कोणत्या घराची, आणि त्याबदल्यात त्या घराने किती पाने न्यावीत, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या एप्रिलमधील बैठकीतच ठरवून इतिवृत्तात नोंदवावे.