सरखेलांनी काय उभे केले : कान्होजी आंग्रे यांच्या यशाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायगडच्या किनाऱ्यावर कर्तृत्वाचा विषय निघाला की कान्होजी आंग्रे यांचे नाव हमखास घेतले जाते; परंतु त्यांच्या यशाची कारणमीमांसा करताना बहुतेक जण धाडस या एकाच गुणापाशी थांबतात आणि ज्या कौशल्यांच्या व साधनांच्या बळावर ते धाडस तीन दशके टिकले त्यांची फारशी चौकशी करीत नाहीत. मुंबईच्या इंग्रजांना, गोवा व चौलच्या पोर्तुगीजांना आणि जंजिऱ्याच्या सिद्दीला एकाच वेळी तोंड देणारी सत्ता नुसत्या शौर्यावर उभी राहू शकत नाही, एवढे तरी प्रारंभीच मान्य करावयास हवे.

आंग्रे घराणे जन्मजात दर्यावर्दी होते, हा समज सर्वांत रूढ आहे. प्रत्यक्षात हे घराणे मूळचे घाटावरचे, पुणे प्रांतातील आंगरवाडीचे मानले जाते, आणि कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत आल्यानंतरच त्याचा समुद्राशी संबंध आला. त्यामुळे वारा, भरती-ओहोटी आणि खडकाळ किनारा यांचे जे ज्ञान कान्होजींच्या हालचालींत दिसते ते रक्तातून आलेले नसून सुवर्णदुर्ग-हर्णै परिसरातील वास्तव्यात, कोळी-भंडारी खलाशांच्या सहवासात कमावलेले होते, असेच म्हणावे लागते. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, 1698 च्या सुमारास, ‘सरखेल’ म्हणजे आरमाराचा मुख्य अधिकारी हे पद त्यांच्याकडे आले, तेव्हा या शिक्षणाची बरीच वर्षे मागे पडली होती.

साधने म्हणजे मोठी जहाजे, ही दुसरी समजूत तर वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. युरोपीय जहाजे आकाराने, तोफांच्या संख्येने आणि खोल समुद्रातील टिकावाने सरस होती, आणि त्या बाबतीत त्यांची बरोबरी करण्याच्या खटाटोपात आंग्र्यांचे आरमार पडले नाही. त्याचा कणा होता तो दोन प्रकारच्या नौकांचा : दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, उथळ तळाचे आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, तोफा रोखलेले गुराब, आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे, हलके व चपळ गलबत. वारा पडला की केवळ शिडांवर विसंबणारे मोठे जहाज जागच्या जागी अडकून पडे, आणि नेमक्या त्या वेळी वल्हवणारी गलबते गुराबांना दोरांनी ओढत त्याच्या पिछाडीस नेऊन उभे करीत. जहाजाच्या तोफांची मुख्य रांग दोन्ही कुशींवर असल्याने पिछाडी ही त्याची सर्वांत दुबळी बाजू असे. गुराब तेथून मारा करून डोलकाठ्या व शिडे निकामी करीत आणि मग गलबतांतील माणसे तलवारी घेऊन वर चढत. डाव फसलाच, तर उथळ तळाच्या नौका जवळच्या खाडीत शिरत आणि पाठलाग करणाऱ्या जहाजाला खाडीच्या तोंडाशीच थांबावे लागे. 1712 मध्ये मुंबईच्या गव्हर्नरचे ‘अल्जेरीन’ हे सशस्त्र जहाज आंग्र्यांच्या हाती पडले, त्याचे आश्चर्य इंग्रजांना वाटले असले तरी कोकणच्या खलाशाला वाटण्याचे कारण नव्हते.

याच हिशेबात कुलाबा किल्लाही मोडतो. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधावयास घेतलेल्या आणि संभाजी महाराजांच्या काळात पुऱ्या झालेल्या या किल्ल्याच्या तटात अजस्र दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले दिसतात, त्यामुळे लाटेचे पाणी फटींत शिरून तिचा जोर मोडतो. ओहोटीला किनाऱ्यावरून चालत गाठता येणारा आणि भरतीला चहूबाजूंनी पाण्याने वेढला जाणारा हा किल्ला कान्होजींना आयता मिळाला होता, हे खरे. मात्र त्याला आरमाराचे मुख्य ठाणे बनविण्याचे श्रेय त्यांचेच आहे.

कान्होजी म्हणजे यशस्वी चाचा, हा आरोप इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांतून रुजला आणि काही मराठी लेखनातही कौतुकाच्या सुरात शिरला. वादाचे मूळ ‘दस्तक’ या परवान्यात होते. ठरावीक रक्कम भरून दस्तक घेणाऱ्या व्यापारी नौकेला आंग्र्यांच्या पाण्यात अभय मिळे, आणि न घेणारी नौका पकडली जाई. असाच ‘कार्ताझ’ नावाचा परवाना पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून सक्तीने देत आले होते, पण त्यांना कोणी चाचे म्हटले नाही! इंग्रज आपल्या जहाजांना सूट मागत, इतकेच नव्हे तर इंग्रजी निशाणाखाली जाणाऱ्या देशी व्यापाऱ्यांच्या मालालाही ती लागू करू पाहत. कान्होजींना ते मान्य नव्हते. लूट कधी मिळते, कधी मिळत नाही, परंतु पावसाळ्यात नौका शाकारून ठेवलेल्या असतानाही खलाशांचे पगार आणि डागडुजीचा खर्च चुकत नाही. त्यासाठी नियमित उत्पन्न लागते, आणि दस्तकाने व किल्ल्यांखालील मुलखाच्या महसुलाने ते पुरविले.

स्वबळावर, कोणाचीही मदत न घेता मिळालेले यश, हे वर्णन ऐकावयास गोड असले तरी पुराव्याशी जुळत नाही. आंग्र्यांच्या तोफखान्यावर युरोपीय गोलंदाज नोकरीस होते. 1713 मध्ये छत्रपती शाहूंनी पाठविलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे कैदेत असताना, म्हणजे हाती हुकमाचा पत्ता असताना, कान्होजींनी शाहूंच्या वतीने आलेल्या बाळाजी विश्वनाथांशी बोलणी केली, शाहूंचे स्वामित्व मान्य केले आणि बदल्यात सरखेलपद व किल्ले पदरात पाडून घेतले. ही वाटाघाटीची कला तोफांइतकीच मोलाची होती, हे पुढे दिसून आले. 1721 च्या अखेरीस कमोडोर मॅथ्यूज याच्या नेतृत्वाखालील इंग्रज आरमार आणि पोर्तुगीज सैन्य मिळून कुलाब्यावर चालून आले, तेव्हा बाजीराव पेशव्यांची फौज मदतीस धावली. पोर्तुगीजांनी जानेवारी 1722 मध्ये स्वतंत्र तह केला आणि इंग्रजांना माघार घ्यावी लागली. असे असूनही जंजिरा मात्र कान्होजींना कधीच जिंकता आला नाही.

उभारलेले यश वारशाने पुढे जाते, या समजुतीला आंग्र्यांचाच इतिहास छेद देतो. कान्होजी 4 जुलै 1729 रोजी गेले तेव्हा किल्ले, नौका, खलाशी आणि उत्पन्न हे सारे शाबूत होते. ज्येष्ठ पुत्र सेखोजी 1733 मध्ये वारले, मानाजी आणि संभाजी या भावांत कलह माजला आणि 1735 मध्ये पेशव्यांनी दौलतीची वाटणी करून कुलाबा मानाजींना, तर विजयदुर्ग संभाजींना दिला. कान्होजींनी जोडलेले पेशव्यांशी सख्य संभाजींनंतर विजयदुर्गावर आलेल्या तुळाजींच्या काळात इतके विटले की 1756 मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र येऊन विजयदुर्गावर गेले, आणि बंदरातले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. कुलाब्याची शाखा लहानसे संस्थान होऊन 1840 पर्यंत टिकली. त्या वर्षी औरस वारस नसल्याचे कारण देऊन कंपनीने तेही खालसा केले.