निर्बंधकाळातील निसर्गसान्निध्य आणि क्षेत्रनिरीक्षणाचे कौशल्य

प्रस्तावना :
२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि महाविद्यालयांच्या अभ्याससहली थांबल्या. परिसरातील वनस्पती, कीटक व पक्षी यांचा अभ्यास हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पर्यावरण अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याचा भाग होता. बाहेर पडणेच अशक्य झाल्यास निरीक्षणाचे कौशल्य कसे टिकावे, हा प्रश्न तेव्हा निर्माण झाला. प्रस्तुत लेखात बंदिवासातील दोन उदाहरणांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

युद्धकैद्यांचे पक्षिनिरीक्षण :
ब्रिटिश अधिकारी जॉन बक्स्टन १९४० मध्ये नॉर्वेत जर्मनांच्या हाती सापडले. युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांनी रेडस्टार्ट हा पक्षी अभ्यासासाठी निवडला. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या कृष्ण थिरथिऱ्याचा हा युरोपीय भाऊबंद होय. १९४३ च्या विणीच्या हंगामात त्यांनी व सहकैद्यांनी एकाच जोडीचे सुमारे ८५० तास निरीक्षण केले. मुक्त अभ्यासकाला क्वचितच लाभणारा हा अवधी बंदिवासाने दिला. त्यातून १९५० मध्ये त्या पक्ष्यावरील स्वतंत्र ग्रंथ सिद्ध झाला.

अहमदनगरचा किल्ला :
ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे नेते अहमदनगरच्या (सध्याचे अहिल्यानगर) किल्ल्यात स्थानबद्ध झाले. पंडित नेहरूंनी तेथील दगडगोट्यांनी भरलेली जमीन खणून फुलांचे वाफे तयार केले. मौलाना आझादांनी खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांना प्रथम हुसकावण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर तांदळाचे दाणे टाकून त्यांच्याशी मैत्री केली. प्रत्येक चिमणीचा स्वभाव ओळखून त्यांनी काहींना नावेही दिली. हे वर्णन ‘गुबार-ए-खातिर’ (१९४६) या ग्रंथात आढळते.

समारोप :
दोन्ही उदाहरणांत विविधता हिरावली गेली. परंतु एक जागा आणि दीर्घ वेळ हाती राहिला. अर्थात वाट शोधणे, प्राण्यांच्या पाऊलखुणा ओळखणे ही कौशल्ये खिडकीत बसून येत नाहीत. मात्र त्यांचा पाया असलेली सजग नजर घडविता येते. त्यासाठी ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि तत्काळ नोंद एवढेच आवश्यक असते. वर्षातून एकदाची सहल हाच निसर्गाशी संबंध असेल, तर एका टाळेबंदीने तो तुटतो. प्रत्येक विद्यार्थ्याकडे आवारातील किंवा घरासमोरील एका झाडाची वर्षभराची नोंदवही असेल, तर तो टिकतो.