निळू फुले : एका चरित्र अभिनेत्याची कारकीर्द

एके काळी पनवेल तालुक्याच्या उरण महालात मोडणाऱ्या मोरा बंदरावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरणाऱ्या मंडळींना मुंबईची नाटके आणि बोलपट कधी परके वाटले नाहीत. आणि आजही त्या लाँचमध्ये एखादा उनाड पोरगा मान तिरकी करून, घोगऱ्या स्वरात दोन शब्द रेंगाळत उच्चारू लागला की, तो कोणाची नक्कल करीत आहे हे कोणास सांगावे लागत नाही. नायकांच्या नकला पुष्कळ होतात. दुय्यम भूमिका करणाऱ्या नटाची नक्कल पिढ्यान्‌पिढ्या चालावी, हे भाग्य निळू फुले यांच्यासारख्या थोड्यांच्याच वाट्याला येते.

पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा हा तरुण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून रंगभूमीवर आला, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने नावारूपास चढला आणि 1968 साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटातील झेलेअण्णाने त्याला रुपेरी पडद्यावर कायमचे आणून बसविले. पुढील भूमिकांची जंत्री देण्याचे प्रयोजन नाही. पाटील, सरपंच, सावकार आणि पुढारी यांची ती रांग मराठी प्रेक्षकाला मुखोद्‌गत आहे, आणि तीत सामान्य चित्रपटांचा भरणा मोठा आहे, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे.

विलायतेतील चरित्र अभिनेत्यांची कीर्ती बहुधा वेषांतरावर उभी असते. अलेक गिनेस यांनी 1949 च्या एका चित्रपटात एकाच घराण्यातील 8 व्यक्ती रंगविल्या, हे त्याचे ख्यातनाम उदाहरण होय. फुले यांचा मार्ग अगदी उलट होता. तोच चेहरा, बहुधा तीच टोपी आणि तोच घोगरा आवाज घेऊन ते उभे राहत, आणि तरीही खलत्वाची जात दर वेळी निराळी असे, कारण बदल घडे तो नजरेत आणि दोन शब्दांमधील विरामात.

‘सामना’मध्ये हे विशेष स्पष्ट दिसते. विजय तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन लाभलेला हा चित्रपट 1975 च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेसाठी गेला होता. त्यातील हिंदुराव धोंडे पाटील हा सहकारी साखर कारखान्याच्या जोरावर मुलूख ताब्यात ठेवणारा धनी, दारूत बुडालेल्या एका परक्या मास्तरला आपल्या आश्रयास ठेवतो, डॉ. श्रीराम लागूंचा तो मास्तर मारुती कांबळेचे काय झाले याची चौकशी करू लागतो, तेव्हा त्या यजमानाच्या अदबीत हळूहळू भय कसे शिरते, ते पाहण्यासारखे आहे. साधा नट येथे ओरडला असता. फुले आणखी सावकाश बोलतात.

त्याआधी 1972 मध्ये कमलाकर सारंग दिग्दर्शित ‘सखाराम बाइंडर’मध्ये, टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, दांभिकतेचा द्वेष करणारा आणि स्वतः क्रूर असणारा सखाराम त्यांनी उभा केला, आणि ज्या नाटकाला सरकारी सेन्सॉरशी न्यायालयात झगडावे लागले, त्याचा मुख्य भार या नटाच्या खांद्यावर होता. 1979 च्या ‘सिंहासन’मध्ये मात्र तेच फुले दिगू टिपणीस हा पत्रकार झाले : सत्तेच्या दरबारात सर्वत्र मुक्तद्वार असलेला, सारे पाहणारा, पण कशातही हात नसलेला साक्षीदार. पाटलाची जरब या देहात कधी होती, याचा येथे मागमूसही नाही, आणि माझ्या मते हीच त्यांची श्रेष्ठ भूमिका होय.

पडद्यावर स्त्रियांना छळणारा हा माणूस प्रत्यक्षात समाजवादी चळवळीतला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला वाहून घेतलेला. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग झाले, त्यांत तो डॉ. लागूंबरोबर उभा होता. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार फुले यांना 1991 साली मिळाला, आणि 13 जुलै 2009 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

ज्यांनी त्यांना केवळ नकलांतून ऐकले आहे, त्यांनी ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ लागोपाठ पाहावेत, आणि आधी ‘सामना’.