देव आणि दोष (लेखांक ६) : प्रवाह, पाऊस आणि बियाणं

सर्वज्ञ, परिपूर्ण देवाने माणूस घडवला, मग माणूस असा अर्धाकच्चा का? हे कोडं बुद्धीने सुटायचं नाही, श्रद्धेवर सोडा, हे पियेर बेलचं म्हणणं आपण मागच्या लेखांकात पाहिलं. प्रशियाची राणी सोफी शार्लोट बेलचं लेखन वाचून तत्त्वज्ञ लाइब्नित्सला शंका विचारायची. राणी १७०५ मध्ये गेली. त्या चर्चांतून आकाराला आलेला त्याचा ‘थिओडिसी’ हा ग्रंथ १७१० मध्ये निघाला.

लाइब्नित्सचं म्हणणं असं : देवाने अगदी परिपूर्ण काही निर्माण केलं असतं, तर तो दुसरा देवच झाला असता. निर्माण झालेल्या वस्तूला मर्यादा आलीच. नदीतून मालाने लादलेल्या नावा चालल्यात. प्रवाह सगळ्यांना एकच, पण जिच्यात ओझं जास्त ती मागे पडते. तिला गती दिली प्रवाहाने, मंदपणा मात्र तिचा तिचा.

आता गंमत पाहा. शंकराचार्यांनी कित्येक शतकं आधी जवळपास हीच वाट धरली होती. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप येतो : कुणी सुखात लोळतो, कुणी हालात मरतो, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? आचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात. पाऊस भातावर पडतो तसाच जवावर. पुढे भाताचा भात आणि जवाचा जव होतो तो बियाण्यामुळे, आणि माणसाच्या बाबतीत ते बियाणं म्हणजे ज्याचं त्याचं कर्म.

दोघेही देवाला दोषातून सोडवतात, पण मग नाव बांधली कुणी? लाइब्नित्स म्हणतो, वस्तूंची मूळ स्वरूपं देवाच्या बुद्धीत अनादि आहेत, त्याच्या इच्छेने ती ठरत नाहीत. म्हणजे सर्वशक्तिमान देवाच्याही हातात नसलेलं काहीतरी निघालं! आणि पहिलं बियाणं कुठलं? ही शंका सूत्रकार स्वतःच काढतो आणि सांगतो, संसाराला आरंभच नाही. मला हे उत्तर अधिक चोख वाटतं, पण त्यासाठी प्रश्नातलं ‘घडवला’ हेच सोडून द्यावं लागतं. जीव देवाने शून्यातून केलेलाच नाही म्हटल्यावर तक्रार कुणाकडे करायची? मीमांसक कुमारिल भट्ट तर सृष्टिकर्ताच मानत नाहीत. देवाने दयेपोटी जग निर्माण केलं म्हणाल, तर त्याआधी दया करायला होतं कोण, असा त्यांचा रोकडा सवाल.

नावेच्या दाखल्यात एक गोष्ट मात्र मावत नाही. माणसाला उडता येत नाही ही मर्यादा झाली, पण शेजाऱ्याचा बांध कोरणं ही लबाडी आहे. तिच्यासाठी इच्छास्वातंत्र्याची ढाल पुढे येते. त्यावर १९५५ मध्ये जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने विचारलं : स्वतंत्र असूनही नेहमी चांगलंच निवडतील अशी माणसं सर्वशक्तिमान देवाला का घडवता आली नाहीत? अॅल्विन प्लँटिंगाने त्याला दिलेलं उत्तर पुढच्या आठवड्यात.