पकडला, मोजला, सोडला!

गळाला लागलेला मासा घरी न आणता पुन्हा पाण्यात सोडून देणाऱ्याला आपल्याकडे लोक वेड्यातच काढतील. परंतु कर्नाटकात कावेरीच्या काठी हा 'वेडेपणा' कित्येक वर्षे मोठ्या शिस्तीने चालला होता. त्यातूनच एका दुर्मीळ माशाची हलाखी जगाला कळली. तो मासा म्हणजे महाशीर.

महाशीर हा रोहू-कटल्याच्या कुळातला. जबड्यात दात नाहीत. असतात ते घशात, पण खेकड्याचे कवच सहज फोडतील असे. 1946 साली म्हैसूरच्या परिसरात जे. डी वेट व्हॅन इंगेन यांनी पकडलेला महाशीर 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा होता. नाचणीच्या शिजवलेल्या पिठाचा गोळा गळाला लावून असा मासा ओढायचा, तर शक्तीबरोबर सबुरीही हवी.

पाण्यातच काम उरका

खरी परीक्षा मात्र मासा काठाशी आल्यावर असते. सोडलेला मासा जगतो की तासाभरात मरतो, हे आपल्या हाताळण्यावर ठरते.

गळाच्या टोकाशी एक उलटा काटा असतो. तो आधीच पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे गळ चटकन निघतो. दोरी पुरेशी मजबूत घ्यावी. बारीक दोरीवर मासा फार वेळ खेळवला, तर तो थकून गळून जातो. उन्हाळ्यात धोका अधिक, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो.

माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर रोगजंतूंपासून त्याचे रक्षण करतो. कोरडा हात, टॉवेल किंवा तापलेला खडक यांनी तो निघून जातो. कल्ल्यांत बोटे मुळीच घालू नयेत. एक हात शेपटीच्या बुंध्याशी, दुसरा पोटाखाली, असा आधार द्यावा. गळ खोलवर गिळला असेल, तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापावी. फोटो हवाच असेल, तर कॅमेरा आधी तयार ठेवावा आणि माशाला क्षणभरच उचलावे.

सोडताना त्याला पाण्यात लोटून देऊ नये. हलक्या प्रवाहाकडे तोंड करून धरावे. कल्ल्यांतून पाणी वाहू लागते, अंगात बळ येते आणि शेपटीचा फटकारा मारून तो स्वतःच निघून जातो.

वहीने उघड केलेले सत्य

कावेरीकाठच्या गलीबोरे शिबिरात प्रत्येक माशाची नोंद ठेवली जाई. 1998 ते 2012 या काळात 23,620 तास गळ टाकून 6,161 महाशीर पकडले व सोडले गेले. शास्त्रज्ञांनी या नोंदी तपासल्या तेव्हा चित्र वरवर आशादायक दिसले. तासामागे मिळणाऱ्या माशांची संख्या वाढली होती. पण वाढले होते ते निळ्या परांचे महाशीर. कावेरीचा मूळचा, नारिंगी परांचा, पाठीला उंचवटा असलेला महाशीर कमी कमी होत गेला. मिळत ते जुने, मोठे मासे, पिल्ले दिसेनात. घरात म्हातारी माणसे आहेत, पण पाळणा हललेला नाही, अशी ही अवस्था!

हे निळ्या परांचे पाहुणे आले कोठून? आपल्या लोणावळ्याहून! धरणांमुळे महाशीर संपू नये म्हणून टाटांच्या वलवण येथील केंद्रात 1970 च्या दशकापासून त्यांची पैदास होऊ लागली. तेथील पिल्ले सद्भावनेने कावेरीतही सोडली गेली. हा मासा अस्सल दख्खनी. कर्नल साइक्स यांनी 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून त्याचे वर्णन केले आणि 'खुद्री' हे स्थानिक नावच शास्त्रात नेले. पण पुण्याचा मासा कावेरीत उपराच.

2018 साली कावेरीच्या मूळ महाशीराची 'टोर रेमादेवी' अशी शास्त्रीय ओळख पटली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी यांचाही त्यात वाटा आहेच. दरम्यान अभयारण्यातील गळाची मासेमारी बंद झाली. त्याबरोबर काठावरची ती राखणही गेली आणि ती वहीही मिटली.

महाशीर राखणे आपल्याला नवे नाही. इंद्रायणीकाठी देहूला, महाडजवळ वाळण कोंडीत देवाचे मासे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्यांना कोणी हात लावत नाही. त्या श्रद्धेला आता एका साध्या नियमाची जोड हवी: मासा ज्या पाण्यातला, त्याच पाण्यात सोडावा. एका नदीचे मासे उचलून दुसरीत टाकणे हे पुण्य नव्हे. आणि परवानगी असलेल्या ठिकाणी मुलांसह गळ टाकायला बसलात, तर हात ओले करायला आणि वजन, लांबी, तारीख वहीत टिपायला त्यांना जरूर शिकवा.