लालबागची वीज आणि आपले बगॅस



गेल्या अंकात खोडव्याच्या निगेबद्दल लिहिले होते. या वेळी खताच्या मात्रा बाजूला ठेवून जरा लांबचे सांगणार आहे, ते मुंबईतल्या लालबागचे. ऊस विकास अधिकाऱ्याचे लालबागेत काय काम, असे कोणी म्हणेल. पण आपल्या गावागावांतून कितीतरी माणसे तिथल्या गिरण्यांत गेली. आमचे थोरले चुलते, आप्पा, त्यांतलेच. १९६४ साली गेले, बॉयलर खात्यात लागले आणि १९८२ च्या संपापर्यंत तिथेच होते. नंतर मुलाला छापखान्यात नोकरी लागली म्हणून खोली सोडली नाही, ती आजतागायत.

गेल्या गणपतीत दोन दिवस त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. रात्री चाळीच्या गॅलरीत उभे राहिलो तर भारतमाता सिनेमापासून चिंचपोकळीच्या पुलापर्यंत नुसता उजेडच उजेड. सहज बोलून गेलो, "आप्पा, एवढी वीज येते तरी कुठनं?"

आप्पा म्हणाले, "आपल्याकडनंच की रं! तुमच्या भीमेच्या पाण्यावर आमची मिल चालायची, एवढं बी ठावं न्हाई व्हय?"

खरे सांगायचे तर एवढे ठाऊक नव्हते. परत आल्यावर चार पुस्तके चाळली.

लालबाग-परळच्या गिरण्या आधी कोळशावर चालत. कोळसा बंगालकडच्या खाणींतून यायचा, काही बोटीने परदेशातूनही यायचा. बॉयलरमध्ये वाफ, वाफेवर एकच अजस्र इंजिन, आणि त्या इंजिनाला दोर लावून मजल्यामजल्यावरचे लोखंडी दांडे फिरवायचे. त्या दांड्यांवरून पट्टे उतरून एकेका मागाला जोडलेले. म्हणजे चार माग बंद असले तरी वरचा सगळा दांडा फिरतच राहायचा. बरीचशी शक्ती दोर, पट्टे आणि बेअरिंगच्या घर्षणातच जायची.

जमशेटजी टाटांच्या मनात सह्याद्रीवरच्या पावसाचे पाणी अडवून त्यापासून वीज करायची कल्पना होती. ती त्यांच्या मागे पुरी झाली. १९१० साली कंपनी निघाली, लोणावळा, वळवण, शिरोटा असे तलाव बांधले आणि १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. वरच्या तलावातले पाणी नळातून सुमारे १७०० फूट खाली सोडायचे आणि त्याच्या जोरावर चाक फिरवायचे. पुढे १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा. ही वीज तारांवरून मुंबईत आली आणि एकेक गिरणी इंजिन सोडून मोटारीवर गेली. कांजीला आणि रंगाई-धुलाईला वाफ लागे, म्हणून बॉयलर राहिले, आणि आमच्या आप्पांची नोकरीही राहिली.

ही तिन्ही वीजघरे आजही चालू आहेत आणि मिळून सुमारे साडेचारशे मेगावॅटची आहेत. कोळसा नाही, धूर नाही, दरसाल पाऊस पडतो तोवर इंधन फुकट. अक्षय ऊर्जा हा शब्द आपण आता ऐकतो, पण लालबागच्या गिरणीत ती शंभर वर्षांपूर्वीच पोचली होती.

आता दुसरी बाजू. ते पाणी कुठले? इंद्रायणी, आंद्रा, मुळा. या सगळ्या पूर्वेला वाहून भीमेला मिळणाऱ्या नद्या. त्यांचे पाणी अडवून पश्चिमेला घाटाखाली सोडले, ते वीज करून कोकणात उतरते. दरसाल चाळीस टीएमसीहून जास्त पाणी असे वळते. उजनीच्या भरवशावर ऊस लावणाऱ्या माणसाला टीएमसी म्हणजे काय ते मी समजावून सांगायला नको.

आणि जमीन कुणाची? भिऱ्याच्या वीजघरासाठी मुळशीला धरण बांधायचे ठरले तेव्हा मावळातली पन्नासाच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. भाताची खाचरे, घरे, देवळे, सगळे. १९२१ साली त्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले आणि लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते तिथूनच. १९२४ पर्यंत झुंज चालली. बायाबापड्या तुरुंगात गेल्या. पण धरण झालेच. मोबदला ज्याला मिळाला त्याला मिळाला, जमीन काही परत आली नाही. ज्यांच्या शिवारातून वीज निघाली त्यांचा त्या वीजघरात एक पैशाचाही भाग नव्हता.

हे मी आप्पांना पुन्हा फोन करून सांगितले तर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मिलमधी आमचाबी भाग कुठं व्हता?" आणि लगेच विषय बदलून विचारले, "तुमच्या कारखान्याचं बॉयलर कशावर चालतंय? बगॅस वलं असतंय का वाळलेलं?"

ऐंशीच्या घरातला माणूस, पण प्रश्न बरोबर जागेवर होता. सर्वसाधारणपणे एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस निघते. त्यात निम्मे पाणी असते. म्हणजे एक टन बगॅस बॉयलरात टाकले की आधी पाचशे लिटर पाणी उकळून धुराड्यातून घालवायचे, आणि उरलेल्या उष्णतेवर आपली वाफ करायची. ओल शेकडा एकाने जरी कमी झाली तरी वाफेत फरक पडतो. ती ओल रोलरचा दाब आणि वरून सोडलेले पाणी यांवर ठरते, तेव्हा ती जबाबदारी कारखान्याची. वाफेच्या गळत्याही आमच्याच. आप्पा म्हणायचे, फुसफुस ऐकू आली की समजावे पगारातून कापले जाते आहे.

पूर्वीचे साखर कारखान्यांचे बॉयलर २१ किंवा ३२ किलो दाबाचे असत. बगॅस कसेबसे संपवणे एवढेच त्यांचे काम. सहवीजनिर्मितीसाठी ६७, ८७, काही ठिकाणी ११० किलो दाबाचे बॉयलर आले. तेवढ्याच बगॅसवर कारखाना चालून वर वीज उरते आणि ती तारेवरून बाहेर जाते. गिरणीत जसा दोर-पट्ट्यांचा दांडा गेला, तशीच पुष्कळ कारखान्यांत रोलर फिरवणारी वाफेची छोटी टर्बाइन जाऊन विजेच्या मोटारी आल्या. तत्त्व तेच आहे.

मात्र एक फरक मोठा आहे. मुळशीचा शेतकरी त्या वीजघराचा मालक नव्हता. आपण इथे भागधारक आहोत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर कायद्यात हिशेब दोन तऱ्हांनी सांगितला आहे: नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचे ७५ टक्के, किंवा साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड मिळून ७० टक्के. म्हणजे बगॅस हा उसाच्या दराचाच भाग आहे. ते वाया गेले तर दुसऱ्या कुणाचे जात नाही.

आता ते सभासदाच्या हातून कसे वाया जाते ते स्पष्टच लिहितो, राग मानू नये. मोळीत पाला आणि हिरवे वाढे तसेच येते. गट मीटिंगमध्ये एका सभासदाने मला विचारले, "साहेब, पाल्याचाबी जाळ होतोच की!" होतो. पण हिरव्या वाढ्यात पाणी जास्त, ते रस शोषून बगॅसबरोबर घेऊन जाते, शिवाय त्यातल्या पोटॅशने आणि बुडख्याच्या मातीने भट्टीत चिघळ धरून नळ्यांवर थर बसतो. तो थर उष्णता आत जाऊ देत नाही. तोडीला जास्त पैसे मागितले म्हणून ऊस पेटवून देणारेही आहेत. जळका ऊस लवकर आंबतो, साखर जाते.

दुसरे, टोळी आज नाही, उद्या ट्रॅक्टर नाही असे झाले आणि गव्हाण रिकामी पडली, की "नो केन" म्हणून गाळप थांबते. पण बॉयलर काही घरच्या चुलीसारखा विझवता येत नाही. तो बगॅस खातच राहतो आणि त्यातून ना साखर, ना पुरती वीज. तेव्हा तोडीचा प्रोग्रॅम पाळा असे मी म्हणतो ते उगीच नव्हे.

शेतातल्या पाचटाचेही तेच. तोडणीनंतर हेक्टरी आठ ते दहा टन पाचट पडते. काडी लावली की त्यातले नत्र धूर होऊन जाते आणि पुन्हा त्याच नत्रासाठी आपण युरियाचे पोते आणतो. तो युरिया नैसर्गिक वायूपासूनच तयार होतो. त्यापेक्षा पाचट सरीत दाबा, हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. ओल टिकते, एखादी पाळी वाचते, म्हणजे मोटारही तेवढी कमी चालते.

मोटारीचा विषय निघालाच आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला मोफत विजेची योजना आली. तेव्हापासून ऑटोवर टाकलेली मोटार कोणी बंद करायला जात नाही. रात्री लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या भावकीतच हे झाले. अकरा दिवस पाणी नाही, आडसाली ऊस डोळ्यांदेखत वाळला, आणि ऑटो लावणाऱ्यांत माझीही मोटार होती. आता तिथे सगळ्यांनी ऑटो काढून कपॅसिटर बसवले आहेत. त्याबरोबर फूटव्हॉल्व्ह साफ करा, आणि पाइपाचे तोंड बांधापेक्षा चार फूट उंच ठेवू नका. तेवढे पाणी विनाकारण वर चढवावे लागते.

आप्पा गाळप सुरू झाल्यावर इकडे यायचे म्हणतात. बॉयलर हाउसमध्ये घेऊन ये, असे त्यांनी बजावले आहे.

पाचट कुट्टी यंत्र आणि जिवाणू संवर्धनाची मागणी आपापल्या गट ऑफिसात नोंदवावी. येताना खोडव्याचे क्षेत्र आणि तोडीची तारीख सांगावी, म्हणजे यंत्राचा नंबर लावता येईल.

— ऊस विकास अधिकारी